अर्धा फेरा

खिडकीपलीकडच्या कारकुनाने बाबांच्या बंदुकीचा परवाना उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि शेवटी सांगितलं की बंदूक चालेल, दुर्बीण चालणार नाही. परवान्यावर लिहिलं होतं ‘रायफल, नग एक’. तिच्यावर बसवलेल्या दुर्बिणीचा उल्लेख कुठेच नव्हता. म्हणजे कागदोपत्री ही दुर्बीण नाहीच, आणि जी वस्तू नाही ती जमा करून घेतली तर उद्या ती गेली कुठे याचं उत्तर कोण देणार, असं त्याचं म्हणणं. वारसाने पंधरा दिवसांत नुसती बंदूक आणून द्यावी. दुर्बीण घरी ठेवावी, फेकून द्यावी, तिच्यातून चंद्र बघावा. “चार तर स्क्रू असतात,” कारकून म्हणाला. “दहा मिनिटांचं काम.” रांगेतला मागचा माणूस एव्हाना कोपराने या वारसाला बाजूला सारत होता. पण तो हलला नाही. एक तर कारकुनाच्या चष्म्याची डावी काडी लुळी पडली होती, आणि ढिला स्क्रू दिसला की त्याचा हात आपोआप खिशातल्या बारक्या स्क्रूड्रायव्हरकडे जायचा. दुसरं म्हणजे, ‘चार स्क्रू’ हे दोन शब्द त्याच्यासमोर घराबाहेरच्या कुणी उच्चारल्याला एकोणीस वर्षं झाली होती. त्याने खिडकीतून हात आत घातला, कारकुनाच्या कानावरून चष्मा काढला, काडी आवळली आणि चष्मा परत नाकावर ठेवून दिला. कारकुनाने पुढच्याचा कागद ओढून घेतला. अशा प्रसंगी काय बोलावं हे त्याच्या नियमांत नसावं.

तो चष्म्यांच्या दुकानात मागच्या खोलीत बसायचा. पुढे काउंटरवर मालक, बाजूच्या अंधाऱ्या खोपच्यात डोळे तपासणारी बाई, आणि पडद्याआड, दिव्याखाली, भिंग डोळ्यात अडकवून तो. तुटक्या काड्या, निसटलेल्या काचा, नाकावरचे पॅड. दिवसाला साठ-सत्तर स्क्रू हाताखालून जायचे. त्याच्याकडे एकतीस स्क्रूड्रायव्हर होते, आणि त्यातला सर्वांत मोठा इतरांच्या घरातल्या सर्वांत लहानापेक्षा लहान होता. पण आवळण्याची सवय दुकानापुरती राहिलेली नव्हती. बसमधल्या सीटचा दांडा, दाराची कडी, न्हाव्याच्या खुर्चीचं डोकं टेकायचं. जे हलतं ते त्याला बघवत नसे. तीन महिन्यांपूर्वी बाबा दवाखान्यात शेवटच्या दिवसांत पडून होते तेव्हाही त्याने सलाइनच्या स्टँडचा स्क्रू आवळायला घेतला होता. बाबा डोळे किलकिले करून बघत होते. चार दिवस ते बोललेले नव्हते. मग एकदम, अगदी कामावरच्या आवाजात, त्यांनी विचारलं, “खाचेत नीट बसतोय का?” तो म्हणाला, हो. बाबांनी डोळे मिटले. तो त्यांचा शेवटचा प्रश्न ठरला, आणि त्याचं ते उत्तरही खोटंच होतं. स्क्रूड्रायव्हर खाचेच्या मानाने बराच लहान होता.

कार्यालयातून तो चालत निघाला. चार बसेस त्याच्या बाजूने गेल्या, त्याने एकीलाही हात केला नाही. चांदमारीचं मैदान शहराच्या कडेला होतं, तिथे आता मोटारी धुतात. बाबा तिथल्या क्लबात नेमबाजी शिकवायचे आणि काका तिथेच खंदकात कामाला. गोळीबाराच्या रेषेपासून शंभर मीटरवर मातीचा बांध, बांधाआड खंदक, खंदकात खाली काका, आणि त्याच्या डोक्यावर निशाणांच्या पाट्या. गोळी बसली की काका लांब काठीने कुठे बसली ते दाखवायचा, मग भोकावर कागदाची चकती चिकटवायचा. एक भाऊ भोकं पाडायचा, दुसरा बुजवायचा, आणि क्लब दोघांनाही पगार द्यायचा. घरी जेवताना ते एकमेकांची टिंगल करायचे. काका म्हणायचा, दादा, तुझ्या गोळ्या एकाच भोकातून जातात, मला बसल्या बसल्या झोप लागते, कधीतरी चुकत जा. बाबा म्हणायचे, तू चकत्या सरळ लाव, मग चुकतो. आणि मग एका सकाळी बाबांची पहिली गोळी मधोमध बसली, दुसरी वीतभर खाली, आणि तिसरी खंदकाच्या काठाच्या लोखंडी पट्टीवर. पट्टीची एक कपची उडाली. काका काठी उचलायला मान वर करत होता. डावा डोळा.

चौकशीचे साहेब तिसऱ्या दिवशी घरी आले, कारण मध्ये दोन सुट्ट्या होत्या. त्यांनी रायफल जेवणाच्या टेबलावर ठेवायला लावली, चहा घेतला, दुर्बीण हलवून पाहिली. हलली नाही. स्क्रू फिरतात का ते त्यांनी आधी एका नाण्याने पाहिलं, मग पेन्सिलीला टोक करायच्या चाकूने, दोन्ही घसरले. मग त्यांनी अहवालात लिहिलं, ‘दुर्बिणीचे चारही स्क्रू घट्ट. खुणेच्या रेघा जागेवर. चूक मानवी.’ त्या तीन ओळींची नक्कल काकाने मिळवली, उशाखाली ठेवली, आणि त्या दिवसापासून भावाशी बोलणं टाकलं. रागाने ओरडला नाही, भांडला नाही, घर सोडून गेला नाही. त्याच घरात, त्याच टेबलावर, समोरासमोर बसून तो एकोणीस वर्षं जेवला. त्याचं एकच म्हणणं असायचं, आणि ते तो भिंतीला सांगायचा: ज्या माणसाचा नेम जन्मात चुकला नाही, त्याचा माझ्याच बाबतीत कसा चुकला? स्क्रू ढिला निघाला असता तर मी तिथल्या तिथे विसरलो असतो. लोखंडावर कोण रुसतं? पण स्क्रू घट्ट. लिहिलंय.

मग निरोपांची पद्धत पडली. “तुझ्या बापाला सांग, मीठ इकडे कर.” तो अकरा वर्षांचा, दोघांच्या मधल्या खुर्चीवर. मिठाची बरणी बाबांच्या हाताशी असायची, काकाचं बोलणं त्यांना लख्ख ऐकू गेलेलं असायचं, पण निरोप पोचल्याशिवाय ते हलायचे नाहीत. तो म्हणायचा, बाबा, काका म्हणतात मीठ इकडे करा. मग बाबा मीठ सरकवायचे. आधी हात पुढे करणं हे जणू समोरच्याचा अबोला मोडल्यासारखं झालं असतं, आणि बाबा काकाचा अबोला फार जपायचे. क्लबाने त्यांना काढून टाकल्यावर ते एका गोदामावर पहारेकरी झाले, तिथे त्यांच्या हातात काठी असे. शाळेत निबंधाला ‘माझे घर’ हा विषय आला तेव्हा त्याने लिहिलं होतं की आमच्या घरी मी टपालखातं आहे. बाईंनी त्याला दहापैकी आठ दिले आणि समासात लिहिलं, कल्पना छान.

आता बाबा गेल्यापासून काकाचं बिनसलं होतं. जेवताना तो समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचा, मग याच्याकडे वळून तोंड उघडायचा आणि तसंच मिटायचा. निरोप होते, पत्ता नव्हता. माणूस बोलायला कुणीही शोधतो, पण अबोला धरायला आपलंच माणूस लागतं. गेल्या महिन्यात तो चष्म्याच्या दुकानात आला, डोळे तपासणाऱ्या बाईंसमोर बसला आणि म्हणाला, बाई, एकच तपासा, दुसरा काचेचा आहे, त्याला आधीच काच लावलेली आहे. बाई हसल्या. काका हसला नाही. पूर्वी असा विनोद केला की संध्याकाळी घरी येऊन तो बाबांना ऐकू जाईल असा आईला सांगायचा. त्या दिवशी त्याने कुणालाच सांगितला नाही.

घरी आल्यावर त्याने आईकडून लोखंडी कपाटाची किल्ली घेतली. किल्ली एकोणीस वर्षं बाबांच्या कमरेला होती. त्यांच्या कमरेवर तिचा ठसा उमटला होता, दवाखान्यातल्या नर्सने विचारलं होतं की ही जखम कसली. रायफल चादरीत गुंडाळलेली. खटका आणि गोळ्या केव्हाच सरकारजमा झाल्या होत्या. उरलं होतं ते लाकूड, नळी आणि वर ती काळी दुर्बीण, कागदोपत्री नसलेली. त्याने भिंग डोळ्यात अडकवलं आणि ती बैठक पाहिली, जिच्यावर दुर्बीण बसते. चार स्क्रू. चारही डोकी खरवडलेली, खाचेच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. आणि प्रत्येक डोक्यावरून बैठकीवर उतरणारी एक गुलाबी रेघ. ही बाबांची पद्धत. स्क्रू आवळला की आईच्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ डोक्यावरून खालच्या धातूवर ओढायची. स्क्रू केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते. रोज सकाळी दुर्बीण हलवून बघायची नाही, नुसती रेघ बघायची. रेघ सरळ, तर सगळं सरळ. आईला नखं रंगवायला ती बाटली कधी मिळालीच नाही.

रेघा सरळ होत्या. सुरेख, केसासारख्या, एका हातासरशी ओढलेल्या. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला, कारण त्या रेघा त्याने स्वतः ओढल्या होत्या, आणि त्याच्या आठवणीत त्या अशा नव्हत्या. त्याच्या आठवणीत ते डाग होते. पण एकोणीस वर्षांत आठवणी अंगाने सुटतात, माणसं सुटतात तशा. असेल.

झालं होतं ते असं. काकाचा डोळा गेला त्याच्या आदल्या दिवशी बाबांनी दुर्बीण साफ करून परत बसवली होती आणि स्क्रू नुसते बोटांनी फिरवून ठेवले होते. त्यांचा स्क्रूड्रायव्हर क्लबातल्या पेटीत होता. त्यांना बाहेर जायचं होतं. ते म्हणाले, जा, माझा स्क्रूड्रायव्हर घेऊन ये, आणि मी शिकवलंय तसे आवळ. दोन बोटं आणि अंगठा, मनगट नाही. रेघ ओढून ठेव. एवढं मोठं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. क्लब दहा मिनिटांवर. पण खाली पोरं खेळत होती आणि डाव रंगात आला होता, आणि आईच्या शिलाई मशीनच्या खणात एक स्क्रूड्रायव्हर हाताशीच होता. बुटका, टोकाला पाचरीसारखा निमुळता. तो खाचेत शिरला, फिरला, वर चढला, घसरला. पुन्हा. पुन्हा. धातूची बारीक साल निघाली. हाताला घट्ट लागलं. घसरणारं पातं आणि आवळलेला स्क्रू हाताला सारखेच लागतात, हे त्याला पुढे चष्म्याच्या दुकानात कळलं. मग खरवडलेलं दिसू नये म्हणून त्याने नेलपॉलिश जरा सढळ हाताने लावलं आणि खाली पळाला. संध्याकाळी बाबांनी विचारलं, आवळलेस? हो. माझ्याच स्क्रूड्रायव्हरने? हो. बाबांनी त्याच्या मानेवर हात ठेवला. पहाटेच्या उजेडात त्यांनी फक्त रेघ पाहिली. दुसरी गोळी खाली गेल्यावर दुसरा कुणी थांबला असता. पण रेघ, जाड असली तरी, तुटलेली नव्हती आणि ती आपल्या पोराने ओढली होती, तेव्हा चूक आपल्या श्वासाची, असं धरून त्यांनी श्वास नीट केला आणि तिसरी झाडली.

एवढं त्याला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकच: स्क्रू खरंच ढिले होते का. साहेबांनी लिहिलं होतं घट्ट. त्या एका शब्दावर तो एकोणीस वर्षं जगला होता, चिंधीवर झोपणाऱ्या मांजरासारखा, अंग आखडून. घट्ट होते, म्हणजे त्याचा हात चुकला नव्हता. काकाला एक वाक्य सांगितलं असतं तर बाबा मोकळे झाले असते, पण जे घट्ट होतं ते ढिलं होतं असं कसं सांगायचं? अहवाल होता ना. आणि आता कारकुनाने सहज सांगितलं होतं की उघडून बघ.

दुसऱ्या दिवशी तो हार्डवेअरच्या दुकानात गेला. दुकानदाराने न विचारता सहा स्क्रूड्रायव्हर काउंटरवर पसरले. त्याने प्रत्येकाचं टोक उजेडात धरून पाहिलं. सगळे पाचर. याला सरळ पातं पाहिजे, तो म्हणाला, खाचेच्या तळापर्यंत सारख्या जाडीचं, दोन्ही भिंतींना चिकटून बसणारं. पाचर फक्त वरच्या कडांना टेकते आणि जोर दिला की वर चढते. दुकानदाराने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “लावायचा कशाला?” चार स्क्रूंना. “कसले स्क्रू?” त्याला बंदूक म्हणवेना. तो म्हणाला, घरचे. दुकानदार म्हणाला, घरच्या स्क्रूला एवढं कोण करतं, हातोडी मारा, निघतील. दुसऱ्या दुकानात त्याला चांदणीच्या टोकाचा दाखवला, तिसऱ्यात बॅटरीवर चालणारा, जो म्हणे सगळंच उघडतो. बंदुकांचं एकमेव दुकान बंद होऊन तिथे खेळणी विकत होते. तिथल्या मुलीने त्याला प्लास्टिकचा एक संच दाखवला, तीन वर्षांवरील मुलांसाठी. क्लबाची पेटी कुठे गेली म्हणून तो मोटारी धुतात तिथेही जाऊन आला. एका माणसाने रबरी नळी बाजूला धरून त्याचं सगळं ऐकलं आणि मग विचारलं, गाडी कुठाय? या सगळ्यात सहा दिवस गेले. पाय दुखत होते आणि त्याच्या लक्षात आलं की तो त्या दहा मिनिटांच्या वाटेवर निघाला आहे, जी त्या दिवशी चालायची राहिली होती.

शेवटी त्याने मिळाला तो एक जाड स्क्रूड्रायव्हर विकत घेतला आणि तो घासायला बसला. स्क्रूच्या खाचेत मेण दाबून त्याने ठसा घेतला होता. काचांची जाडी मोजायच्या यंत्रात तो धरला तर एक मिलिमीटरला थोडा कमी. जेवणाच्या सुट्टीत, धार लावायच्या दगडावर, थेंबभर तेल टाकून, एक बाजू शंभर वेळा, दुसरी शंभर वेळा. मालक पडदा सारून दोनदा बघून गेला. तिसऱ्यांदा म्हणाला, कुणाला मारायचंय का? डोळे तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, मारायला निघालेला माणूस इतकं मोजून-मापून काही करत नाही. तो घासत राहिला. घासता घासता त्याच्या मनात एक गोष्ट आली आणि तिथेच बसली. समजा स्क्रू घट्टच निघाले. मग त्याची सुटका. पण मग काकाचा प्रश्न जागेवर राहतो, आणि त्याला एकच उत्तर उरतं: ज्याचा नेम कधीच चुकला नाही, त्याचा तेव्हाही चुकला नव्हता. त्याचा हात थांबला. हा विचार त्याच्या आधी काकाने केलेला होता, रोज, जेवताना, समोर बसून, एकोणीस वर्षं. म्हणजे निवड एवढीच होती की एक तर मी, नाही तर बाबा. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की स्क्रू ढिले निघावेत. असं वाटण्यात काही मोठेपणा नव्हता. त्याला फक्त मेलेल्या माणसाला पुन्हा दवाखान्यात झोपवून प्रश्न विचारायचे नव्हते.

पंधरावा दिवस सोमवार होता, म्हणून रविवारी दुपारी त्याने रायफल टेबलावर घेतली. तेच टेबल. आई समोर वाटाणे सोलत होती. काका त्याच्या खुर्चीत, मान मागे टाकून. तो झोपलाय की जागा हे कळायला मार्ग नव्हता, कारण काचेच्या डोळ्यावरची पापणी झोपेतही पुरी मिटत नसे आणि त्या फटीतून तो डोळा सगळ्यांवर नजर ठेवून असे. पंखा फिरत होता. त्याने पातं खाचेत ठेवलं. हाताला आधी कळलं, मग त्याला. कुठे हललं नाही, कुठे डुगडुगलं नाही. जणू स्क्रू आणि पातं एकाच लोखंडाचे दोन तुकडे बऱ्याच वर्षांनी भेटले होते. दोन बोटं आणि अंगठा. काही झालं नाही. मनगट. काही झालं नाही. घट्ट. घट्ट, साहेबांनी लिहिलं होतं तसंच. त्याने उभं राहून वरून भार दिला, दोन्ही हातांनी, आणि कट् असा आवाज झाला, दात तुटतो तसा, आणि स्क्रू फिरला.

आईचे हात थांबले. एक वाटाणा टेबलावरून घरंगळला आणि रायफलीच्या दस्त्याला टेकून थांबला.

त्याने स्क्रू बाहेर काढला आणि भिंगाखाली धरला. आटे गुलाबी होते. टोकापासून डोक्यापर्यंत, प्रत्येक आट्यात वाळलेलं नेलपॉलिश, डिंकासारखं. रंग आट्यांत कधी घालायचा नाही, बाबा शिकवताना म्हणाले होते, स्क्रू जन्माचा बसतो. त्याने तो घातलेला नव्हता. त्याने फक्त वर फासलं होतं. मग त्याने बैठक पुसून पाहिली. बारीक रेघेच्या बरोबर समोरच्या बाजूला, छिद्राच्या कडेला, एक जुना, जाड, फिकट डाग शिल्लक होता. पोराच्या हातचा. स्क्रूच्या डोक्यावर त्या डागाचा दुसरा तुकडा होता, पण तो आला होता रेघेच्या बाजूला. म्हणजे कुणीतरी हा स्क्रू त्याच्यानंतर पुन्हा आवळला होता, चांगला अर्धा फेरा, रंगाने बसवून टाकला होता, आणि वरून नवी रेघ ओढली होती. साहेब येण्याआधी. दोन सुट्ट्या होत्या.

“हे आटे कुणी रंगवले?” त्याने विचारलं.

“मी,” आई म्हणाली. आवाज खालचाच होता, नजर वाटाण्यांवर. “आवळले त्यांनी. क्लबातून त्यांचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आले होते. रंग मात्र मी लावला. आट्यांत रंग घालायला त्यांचा हात धजेना.”

“मग ते काय करत होते?”

“बॅटरी धरून उभे होते.”

तो स्क्रूड्रायव्हर कुठे आहे, असं त्याने विचारलं. खरं तर विचारायचं होतं दुसरंच काही, पण तोंडातून हे आलं. आई म्हणाली, पुलावरून टाकला. त्यांनीच. परत कुणाला उघडता येऊ नये म्हणून. तिने एक शेंग सोलली, मग दुसरी. मग म्हणाली, “तू अकरा वर्षांचा होतास. ते अठ्ठेचाळीसचे. ज्याचं कमी उरलंय त्याने घ्यायचं. हे ठरवायला आम्हाला चहा थंड होईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही.”

पंखा फिरत होता. सलाइनच्या स्टँडशी तो उभा होता आणि बाबा विचारत होते, खाचेत नीट बसतोय का. मीठ सरकवणारा हात. निरोप येईपर्यंत थांबलेला हात. एकोणीस वर्षं तो दोघांच्या मध्ये बसून एकाचं दुसऱ्याला सांगत होता आणि सांगायचं ते एकच वाक्य त्याच्याच खिशात होतं. त्याला वाटलं आता आपल्याला रडू येईल, पण आलं नाही. उरलेले तीन स्क्रू काढायचे होते, उद्या सोमवार होता. त्याने दुसऱ्या स्क्रूच्या खाचेत पातं बसवलं.

“घट्ट होता का?” काका म्हणाला.

मान तशीच मागे होती. चांगला डोळा छताकडे. तो कधीपासून जागा होता हे त्या घरात कुणाला कधी कळलं नव्हतं. आईने मुलाकडे पाहिलं आणि अगदी थोडी मान हलवली, नाही अशी. एवढी वर्षं जपलेलं होतं, आणखी थोडी वर्षं जपता आलं असतं. काका त्रेसष्ट वर्षांचा होता. घट्ट होता, असं म्हणायला दोन शब्द लागतात. तेही खोटं ठरलं नसतं.

“ढिला होता,” तो म्हणाला. “नंतर आवळलाय. अर्धा फेरा. तुमच्या डोळ्याच्या आदल्या दिवशी मी आवळले होते काका. शिलाई मशीनच्या स्क्रूड्रायव्हरने. बाबांना सांगितलं, तुमच्याच स्क्रूड्रायव्हरने आवळले.”

काका सरळ बसला. त्याने हात पुढे केला, आणि याने स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवला. काकाने तो चांगल्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला, नखाने एका आट्यातला रंग खरवडला, खरवडलेली गुलाबी भुकटी बोटावर पाहिली. इतका वेळ की खाली कुणाची तरी मोटार सुरू होऊन निघून गेली आणि तिचा आवाजही संपला.

“दादाला माहीत होतं?” त्याने विचारलं. दादा, हा शब्द त्याच्या तोंडून एकोणीस वर्षांनी आला, आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा त्याचा जबडा हलत राहिला.

“त्याच सकाळी,” आई म्हणाली. “तुम्हाला दवाखान्यात नेऊन आल्यावर पाहिलं त्यांनी.”

काकाने मान हलवली. रडताना काचेचा डोळाही रडतो, हे याला लहानपणापासून माहीत होतं. दोन्ही डोळ्यांतून सारखंच पाणी आलं आणि काकाने सवयीने काचेचाच पुसला. मग त्याने समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग उशाखालचा तो अहवाल आणायला उठावं तसा तो अर्धवट उठला आणि पुन्हा बसला. स्क्रू त्याने टेबलावर ठेवला, उभा, डोक्यावर. आणि मग तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्या खांद्यांत जुना ताठपणा आला, पाठ खुर्चीला टेकली, नजर याच्यावरून अशी सरकली की जणू याच्या जागी भिंत आहे, आणि ती आईवर जाऊन थांबली.

“वहिनी,” काका म्हणाला, “तुमच्या मुलाला सांगा, पंखा बंद कर.”

पंख्याचं बटण याच्या हाताशी होतं. त्याने हात उचलला, आणि हवेतच थांबवला. काकाचा अबोला अजून एका मिनिटाचाही झाला नव्हता. जपायला हवा होता. तो आईकडे बघत थांबला. आईने हातातली शेंग खाली ठेवली, पदराला बोटं पुसली, आणि एकोणीस वर्षं ज्या आवाजात तो निरोप सांगत आला होता, त्याच आवाजात म्हणाली,

“काका म्हणतात, पंखा बंद कर.”

त्याने पंखा बंद केला.